हात आणि डोळा : प्राध्यापक ताकेओ कानादे यांचे कार्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कोणी विद्वान नव्हे. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षकी पेशात शिरलो, खेड्यापाड्यांतील शाळांत अंकगणित, भूमिती व प्रसंगी चित्रकलाही शिकविली, आणि नियमानुसार निवृत्त झालो. अशा मनुष्याने यंत्रमानव आणि संगणकाची दृष्टी यांसारख्या विषयावर बोलण्याचे धाडस करावे, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. माझा नातू अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याने कित्येक संध्याकाळी माझ्याजवळ बसून या गोष्टी समजावून सांगितल्या. जे मला कळले तेवढेच सांगेन. चुकले तर दोष माझा समजावा, त्याचा नव्हे.

आपला परंपरागत व्यवसाय सुतारकामाचा. माझे वडील गावचे बलुतेदार सुतार होते. नांगर, पाभर, बैलगाडीची चाके, दाराच्या चौकटी ही त्यांची नित्याची कामे. रंधा मारलेली फळी सरळ झाली की नाही हे पाहताना ते ती डोळ्यासमोर आडवी धरीत, एक डोळा मिटीत आणि कडेवरून नजर टाकीत. केसाएवढा बाकही त्या नजरेतून सुटत नसे. परंतु पटाशीवर घाव घालताना मात्र त्यांचे दोन्ही डोळे उघडे असत. लहानपणी मी त्यांना विचारले, “आबा, असं का?” ते म्हणाले, “अरे, एका डोळ्यानं रेघ दिसते, दोन डोळ्यांनी अंतर कळतं.”

हे उत्तर मी पन्नास-पंचावन्न वर्षे विसरलो होतो. नातवाने मला प्राध्यापक ताकेओ कानादे या जपानी शास्त्रज्ञाची हकीकत सांगितली, तेव्हा ते एकाएकी आठवले. कारण या गृहस्थांनी आपले सारे आयुष्य यंत्राला डोळा देण्यात आणि हात देण्यात वेचले. म्हणजे आपल्या पूर्वजांचे जे दोन मुख्य भांडवल, त्याचाच त्यांनी अभ्यास केला. तेव्हा हा विषय आपल्या ज्ञातीला अगदीच परका आहे असे मी मानीत नाही.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. आपणांस वाटेल की, जे यंत्र क्षणार्धात मोठमोठे गुणाकार करते, त्याला पाहणे ते काय अवघड? कॅमेरा लावला की झाले! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कॅमेरा चित्र घेतो, पण पाहत नाही. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे केवळ आकड्यांचा तक्ता होय. चित्राचे बारीक बारीक ठिपके पाडायचे आणि प्रत्येक ठिपका किती उजळ वा काळोखा आहे त्याचा एक आकडा लिहायचा. अशा लक्षावधी आकड्यांतून हे आजीचे नाक, ही भिंत, हा रस्ता आणि ही रस्त्यावरची म्हैस, हे ओळखायचे आहे. सहा महिन्यांचे मूल आईचा चेहरा पाहून हसते. त्यासाठी त्याला कोणी शिकवणी लावीत नाही. याउलट मोठमोठ्या पदव्या घेऊन माणूस जो गुणाकार करतो, तो यंत्राला अगदी सोपा. जे आपणांस फुकट मिळाले आहे, तेच समजावून सांगणे सर्वांत कठीण असते, हे या शास्त्राने दाखवून दिले.

ताकेओ कानादे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९४५ रोजी जपानच्या ह्योगो प्रांतात झाला. जपानने शरणागती जाहीर केली त्याला त्या दिवशी अवघे दहा आठवडे झाले होते. शहरे जळालेली, अन्नधान्य दुर्मीळ, आणि राष्ट्र परक्या सैन्याच्या ताब्यात, अशा काळात जन्मलेल्या पिढीपैकी ते एक. या पिढीने शाळा आणि कारखाना या दोन आधारांवर देश पुन्हा उभा केला. कानादे यांनी क्योतो विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि तेथेच प्राध्यापक तोशियुकी साकाई यांच्या हाताखाली संशोधनास प्रारंभ केला. विषय घेतला तो असा : छायाचित्रावरून माणसाचा चेहरा संगणकाने ओळखावा.

या संशोधनाशी एका जत्रेचा संबंध आहे. १९७० साली ओसाका शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे एका दालनात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे छायाचित्र घेत आणि तुमचा चेहरा अमुक प्रसिद्ध व्यक्तीसारखा आहे, असे संगणकाकडून सांगवीत. लोकांना मोठी मौज वाटे. खेळ संपला, लोक घरी गेले, पण त्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांचा साठा शिल्लक राहिला. तो पुढे कानादे यांच्या उपयोगी पडला. एकेका चित्रात डोळ्यांचे कोपरे कोठे, नाकपुड्या कोठे, ओठ कोठे, हनुवटीची रेषा कशी वळते, हे संगणकाने स्वतः शोधून काढावे आणि त्या बिंदूंमधील अंतरांची प्रमाणे मांडावी, अशी रीत त्यांनी बसविली. आपला कारागीर जुन्या चौकटीची मापे घेऊन नवी तशीच बनवितो, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे मापे घेणारे यंत्र होते.

हा प्रबंध १९७३ साली पूर्ण झाला आणि १९७४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. आता त्याचा निकाल काय लागला ते ऐका. वीस माणसांची प्रत्येकी दोन छायाचित्रे घेऊन परीक्षा केली, तेव्हा संगणकाने जास्तीत जास्त पंधरांना बरोबर ओळखले. वीसपैकी पंधरा! आमच्या शाळेत हा पहिल्या वर्गाचा निकाल ठरला असता. पण व्यवहारात वीसपैकी पाच माणसे चुकविणाऱ्या पहारेकऱ्याला कोण नोकरीवर ठेवील? त्या काळचे संगणक मंद, कॅमेरे महाग. या विद्येचा लगेच काही उपयोग होण्यासारखा नव्हता. तरीही चेहरा ओळखण्याचे काम आरंभापासून शेवटपर्यंत यंत्राने पार पाडल्याचे जे अगदी प्रारंभीचे प्रयत्न आहेत, त्यांत हा प्रबंध आज मानाने गणला जातो.

यानंतर त्यांनी जो प्रश्न हाती घेतला त्यापाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण त्या प्रश्नाशी माझ्या आयुष्यातील एक चूक निगडित आहे.

फळ्यावर आपण पेटीचे चित्र काढतो. चार-सहा रेघा ओढल्या की मुले म्हणतात, “पेटी!” परंतु फळा तर सपाट आहे. त्या रेघांनी दाखविलेली वस्तू खरोखर पेटीच असली पाहिजे असे कोणी सांगितले? ती उथळ ताटलीही असू शकेल, वाकडीतिकडी दुमडलेली पत्र्याची पट्टीही असू शकेल. भूमितीच्या दृष्टीने एकाच चित्राला असंख्य वस्तू जुळतात. तरी सर्वांच्या मनात एकच पेटी कशी उभी राहते? कानादे यांनी यावर १९७७ च्या सुमारापासून विचार केला आणि १९८० साली आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या देशात कागदाच्या घड्या घालून पक्षी, फुले, पेट्या करण्याची कला घरोघरी आहे. तिला ओरिगामी म्हणतात. वस्तू भरीव न मानता घडी घातलेल्या कागदाची मानली, तर चित्राचे किती अर्थ संभवतात, हे त्यांनी पद्धतशीर मोजून दाखविले. त्यानंतर त्या अनेक अर्थांतून स्वाभाविक अर्थ निवडण्याचे नियम दिले. चित्रात ज्या रेघा समांतर दिसतात त्या प्रत्यक्ष वस्तूतही बहुधा समांतर असतात; चित्रातील तिरपी समतोल आकृती ही बहुधा खऱ्या समतोल आकृतीचे तिरपे दर्शन असते. डोळा असे काही अंदाज बांधीत असतो म्हणूनच आपणांस पेटी दिसते.

बंधु-भगिनींनो, हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारला होता. तो आपल्याच ज्ञातीतला होता. त्याचे नाव येथे घेत नाही. अक्षर वाईट, भाषेत कच्चा, पण बैलगाडीच्या चाकाचे चित्र तो तीन बाजूंनी असे काढी की आरे मोजून घ्यावेत. एके दिवशी मी फळ्यावर घनाची आकृती काढली, तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, फळा तर सपाट आहे. मग आपल्याला खोली दिसते कुठून?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘ठाऊक नाही’ असे म्हणावयास हवे होते. मी म्हणालो, “खाली बस. हे परीक्षेत येत नाही.” वर्ग हसला. तो खाली बसला, आणि त्यानंतर त्याने मला कधी काही विचारले नाही. नववीत त्याने शाळा सोडली. हल्ली तो शहरातील एका कारखान्यात लाकडी सामान बनवितो, संसार नेटका आहे, भेटला की पायाही पडतो. पण ज्या प्रश्नावर क्योतोच्या एका डॉक्टरने वर्षानुवर्षे विचार केला, तो प्रश्न माझ्या वर्गातील एका सुताराच्या मुलाने आपण होऊन विचारला होता आणि मी त्याला गप्प केले, ही गोष्ट नातवाच्या तोंडून ओरिगामीची हकीकत ऐकताना माझ्या ध्यानात आली. त्या रात्री मला झोप आली नाही.

असो. पुन्हा मूळ विषयाकडे वळतो.

अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरी कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथे १९७९ साली यंत्रमानवशास्त्राची एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक होते डॉ. राज रेड्डी. यांचा जन्म १९३७ साली आंध्रातील कातूर या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. मद्रासजवळच्या गिंडी येथील महाविद्यालयातून ते अभियंता झाले, आणि पुढे १९९४ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्यूरिंग पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. १९८० साली कानादे क्योतो सोडून या संस्थेत आले. एक आंध्रच्या खेड्यातला, दुसरा युद्धाने पोळलेल्या जपानमधला. दोघांची भेट झाली ती पोलादाच्या गावी. रेड्डी १९९१ पर्यंत संचालक होते, आणि १९९२ पासून २००१ पर्यंत ती धुरा कानादे यांनी वाहिली.

पिट्सबर्गला आल्यावर वर्षभरातच त्यांच्या हातून दोन कामे झाली. एक हाताचे, दुसरे डोळ्याचे.

हाताचे काम असे. कारखान्यातील यांत्रिक हाताच्या सांध्यात मोटार असते, आणि मोटारीचा वेग कमी करून जोर वाढविण्यासाठी मध्ये दातेरी चाके बसविलेली असतात. या चाकांच्या दात्यांत थोडी तरी फट राहतेच. सैल झालेल्या बिजागरीचे दार जसे आधी डुगडुगते व मग फिरते, तसा हा हात उलटा फिरताना किंचित अडखळतो. शिवाय घर्षणाने जोर वाया जातो तो वेगळाच. कानादे आणि हारुहिको आसादा यांनी ठरविले की मधली चाके काढूनच टाकावी आणि जोरदार मोटार थेट सांध्यातच बसवावी. १९८१ मध्ये तयार झालेला हा हात अशा प्रकारचा जगातील पहिला मानतात. ज्याने कधी नवी बिजागरी बसविली आहे त्याला यातील मर्म कळेल : जोड जितके कमी, तितका खेळ कमी.

डोळ्याचे काम त्यांनी ब्रूस लुकस या विद्यार्थ्याबरोबर केले. त्याच १९८१ सालच्या ऑगस्टमध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या परिषदेत ते मांडले गेले. लेख अवघा सहा पृष्ठांचा. प्रश्न असा की, एकामागून एक दोन चित्रे घेतली, तर पहिल्या चित्रातील ठिपका दुसऱ्या चित्रात कोठे सरकला हे कसे शोधावे? सर्व जागी शोधीत बसले तर फार वेळ जातो. त्यांची युक्ती मी माझ्या परीने सांगतो. समजा, आपण अंधारात घाट चढत आहोत. दर पावलाला एक वीत चढ आहे हे ठाऊक आहे. आपण दोन वीत वर आलो असे कळले, तर दोन पावले चाललो हे न पाहताही सांगता येईल. चित्रातही उजेडाचा असा चढ-उतार असतो. एखाद्या जागचा उजेड किती बदलला आणि तेथे उजेडाचा चढ किती तीव्र आहे, या दोहोंवरून चित्र किती सरकले याचा अंदाज येतो. एकाच ठिपक्यावर भरवसा ठेवला तर दिशेचा घोटाळा होतो. म्हणून आजूबाजूचे ठिपके एकत्र सरकतात असे धरून सर्वांची साक्ष घ्यायची, आणि आलेला अंदाज पुन्हापुन्हा सुधारून घ्यायचा.

एवढीशी ही गोष्ट! पण त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी ‘लुकस-कानादे’ हे जोडनाव या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायम आहे. हलत्या चित्रातील वस्तूचा माग ठेवणे, थरथरलेले चित्रण स्थिर करणे, अशा अनेक कामांत या रीतीचा वा तिच्यापासून निघालेल्या रीतींचा उपयोग होत आला आहे.

त्यांच्या संस्थेने डोळा असलेली गाडीही केली. १९८० नंतरच्या दशकात एका मोठ्या मोटारीत संगणक भरून ती स्वतः रस्ता पाहून चालावी असे प्रयोग सुरू झाले. त्या गटात कानादे होते. पुढे ते संचालक असताना, १९९५ साली, डीन पॉमरलो आणि टॉड जोकेम या दोघा संशोधकांनी अशाच एका गाडीतून अमेरिका खंड पार केला. प्रवास २,८४९ मैलांचा, म्हणजे सुमारे ४,५८५ किलोमीटरचा. त्यापैकी शेकडा ९८.२ इतके अंतर सुकाणूचे चाक यंत्राने फिरविले. गतिवर्धक आणि ब्रेक मात्र माणसांच्या पायाखाली होते. पण विचार करा, १९७३ मध्ये वीसपैकी पाच चेहरे चुकविणारी विद्या बावीस वर्षांनी कोठवर आली होती!

आणि चेहऱ्यांचा विषयही त्यांनी सोडला नव्हता. १९९८ साली हेन्‍री राउली व शुमीत बालुजा यांच्यासह त्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. गर्दीच्या चित्रात चेहरे कोठे कोठे आहेत, ते यंत्राने शोधावे. या वेळी नियम सांगण्याऐवजी यंत्राला पुष्कळ उदाहरणे दाखविली : हा चेहरा, हा चेहरा नव्हे. मला सर्वांत आवडले ते पुढचे. झाडाच्या पानांत वा भिंतीच्या डागांत यंत्राला चुकून चेहरा दिसला, की ते चुकलेले चित्रच ‘हा चेहरा नव्हे’ म्हणून पुढच्या धड्यात घालीत. म्हणजे चुकांवर लाल रेघ मारून वही परत न देता त्या चुकांचेच पाठ्यपुस्तक केले. पस्तीस वर्षे लाल शाई वापरलेल्या माझ्यासारख्या मास्तराने यातून काय शिकावे, हे सांगावयास नको.

आता वडिलांच्या त्या वाक्याकडे येतो : दोन डोळ्यांनी अंतर कळते. आपण आत्ता येथेच प्रयोग करून पाहा. बोट नाकासमोर धरा आणि डावा-उजवा डोळा आळीपाळीने मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारील. बोट जवळ आणाल तेवढी उडी मोठी. या उडीवरूनच मेंदू अंतर काढतो. कानादे यांनी म्हटले की, दोन डोळ्यांनी कळते तर यंत्राला दोनच डोळे का द्यावे? अनेक कॅमेरे एकाच वस्तूवर रोखले तर एकाने केलेली चूक दुसऱ्याच्या साक्षीने सुधारता येते. पुढे त्यांनी घुमटासारख्या सांगाड्यावर ५१ कॅमेरे बसविले आणि आत चाललेली हालचाल सर्व बाजूंनी टिपली. मग जेथे एकही कॅमेरा नव्हता, अशा जागेवरून ती कशी दिसली असती, तेही संगणकाने रचून दाखविले. २८ जानेवारी २००१ रोजी टँपा शहरी अमेरिकन फुटबॉलचा वर्षातील सर्वांत मोठा सामना झाला. तेथे दूरचित्रवाणीसाठी मैदानाभोवती तीसहून अधिक यांत्रिक कॅमेरे लावून, खेळाडूभोवती प्रदक्षिणा घातल्याप्रमाणे दृश्य दाखविले गेले. त्यामागे कानादे यांचे मार्गदर्शन होते. आपल्याकडे क्रिकेट पाहताना चेंडू यष्टीला लागला असता की नाही हे जे दाखवितात, ते काम इतरांचे आहे. पण अनेक डोळ्यांच्या साक्षीने जागा निश्चित करण्याचे मूळ तत्त्व तेच.

वयाची साठी पूर्ण झाल्यावर या गृहस्थांनी आपली विद्या कोठे वळवावी? २००६ साली पिट्सबर्गमधील दोन विद्यापीठांनी मिळून एक केंद्र काढले. वृद्ध व अपंग यांना आपल्या घरी स्वावलंबनाने राहता यावे, यासाठी यंत्राचा हात व डोळा कसा उपयोगी पडेल, हे पाहणे हा त्याचा हेतू. कानादे त्याच्या संस्थापकांपैकी होते. २००८ साली फ्रँकलिन संस्थेचा बॉवर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०१६ साली क्योतो पारितोषिक. ज्या नगरीत विद्यार्थी म्हणून त्यांनी चेहऱ्यांची मापे घेतली, त्याच नगरीच्या नावाचा हा सन्मान सत्तरी उलटल्यावर त्यांच्या पदरी पडला.

या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण नुसते स्तुतिस्तोत्र होईल. डोळा मिळाला की पाळत ठेवण्याची सोयही होते. शिवाय हा डोळा जे दाखवावे तेच शिकतो. २०१८ साली जॉय बुओलामविनी व टिमनिट गेब्रू या दोन विदुषींनी दाखवून दिले की, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तेव्हाच्या काही यंत्रणा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत क्वचितच चुकत; पण सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्रणेची चूक शेकडा ३४.७ पर्यंत जाई. दोष उजेडाचा नव्हता. यंत्राला दाखविलेल्या उदाहरणांत तसे चेहरेच थोडे होते. यावरून मला असे वाटते की, यंत्राला पाहावयास शिकविणाऱ्यांच्या बैठकीत आपली मुले आणि विशेषतः आपल्या मुली असल्या पाहिजेत. तेथे आपण नसलो तर आपला चेहरा कोणी ओळखणार नाही.

आता अखेरचा मुद्दा. कानादे आपल्या विद्यार्थ्यांना सांगत आले की, विचार करताना अडाण्याच्या मोकळेपणाने करावा आणि काम मात्र निष्णाताच्या हाताने करावे. याच विषयावर त्यांचे जपानी भाषेत पुस्तकही आहे. पेटी का दिसते, चेहरा कशावरून ओळखतो, मधली चाके काढली तर काय होईल, हे प्रश्न अडाण्याचेच नव्हेत काय? आपल्या ज्ञातीत अशा प्रश्नांना तोटा नाही आणि निष्णात हातांनाही नाही. तोटा आहे तो त्या दोहोंना जोडणाऱ्या दीर्घकाळच्या आधाराचा. क्योतोमधील त्या तरुणाला वीसपैकी पंधराच ओळखता आले म्हणून कोणी खाली बसविले नाही. त्याला वर्षे दिली गेली.

आणि आपण काय करतो? दरवर्षी गुणांचा टक्का पाहून स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ देतो, छायाचित्र घेतो, आणि त्या मुलाची पुन्हा चौकशी करीत नाही. आज ज्यांचा गौरव झाला त्यांच्या यशात मला उणेपणा दाखवावयाचा नाही. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु कार्यकारी मंडळापुढे मी दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, एका तरी विद्यार्थ्याला वा विद्यार्थिनीला चार-पाच वर्षे सलग शिष्यवृत्ती द्यावी, आणि मध्येच एखाद्या वर्षी गुण घसरले म्हणून ती काढून घेऊ नये. दुसरी, ती निवडताना केवळ गुणपत्रिका न पाहता मुलाने काढलेले चित्र, बनविलेली वस्तू आणि विचारलेला प्रश्नही पाहावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्यालाही ती खुली असावी. सुताराच्या ज्ञातीने हातकामाला दुय्यम लेखणे शोभत नाही.

या निधीसाठी मी माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एका महिन्याची रक्कम, हयात असेतो, देण्याचे मान्य केले आहे. तसे पत्र चिटणिसांकडे दिले आहे. हे दान नव्हे. सातवीच्या वर्गात एका मुलाचे जे देणे माझ्याकडून राहून गेले, त्याची ही फेड आहे, आणि तीही फार उशिरा होत आहे.

त्या मुलाची कन्या यंदा दहावीत आहे आणि आज या सभागृहात बसली आहे, असे मला येथे आल्यावर कळले. मुली, तुझ्या वडिलांना घरी गेल्यावर सांग की, फळा सपाट असूनही खोली कोठून दिसते, याचे थोडेसे उत्तर गुरुजींना आता मिळाले आहे. सवडीने या म्हणावे. आणि त्या उत्तरावर तुला जे प्रश्न पडतील, ते घेऊन तूही ये.